ह्यांच्या पापणीला लावलेली माझी कातडी

आधीच सांगून टाकते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. माझे वडील नागपूरला शाळेत सायन्स शिकवायचे. चिंचेवरचा मुंजा, विहिरीतली बाई असं कुणी काही सांगायला लागलं की ते शांतपणे विचारत, "तू स्वतः पाहिलंस, की ऐकलंस?" समोरच्याची बोबडी वळायची. तेच वळण मला लागलं. लग्न होऊन काशीला आले, तर इथे प्रत्येक गलीच्या तोंडाशी एक ब्रह्मपिशाच बसलेला... मला आजवर एकही भेटला नाही. गेल्या अंकात तुमच्या एका वाचकाने पिंपळाखालच्या पैंजणांबद्दल लिहिलं होतं, तेही वाचून मी हसले. मग आमच्याच घरात घडलेली गोष्ट आठवली आणि हसणं आवरलं. लढाईमुळे कागदाची टंचाई आहे हे मला ठाऊक आहे, पण ही गोष्ट चार ओळींत सांगून होण्यासारखी नाही.

आमचं घर ब्रह्मा घाटावर. पायऱ्या चढून वर आलं की उजव्या हाताच्या गलीत. खाली पाठशाळा, वर आम्ही. पाठशाळा तात्यांची, म्हणजे माझ्या चुलत सासऱ्यांची. ह्यांचे आईवडील हे लहान असतानाच वारले, तेव्हा तात्यांनी आणि काकूंनी ह्यांना वाढवलं, आणि वेदही तात्यांनीच शिकवला. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. काकूंची मराठी तर अशी की "सूनबाई, दरवाजा लाव, बंदर येऊन सगळी सब्जी घेऊन जातील" हे त्या शुद्ध मराठीच समजतात.

ह्यांच्या उजव्या डोळ्याखाली लहानपणी मोठं करट झालं होतं. ते फुटलं, भरलं, पण भरताना कातडी आक्रसली आणि खालची पापणी खाली ओढली गेली. आतला लाल भाग बाहेर दिसायचा. झोपेतसुद्धा डोळा पुरता मिटत नसे, आणि पाणी तर अखंड गळायचं. उपरण्याचं एक टोक त्या डोळ्यासाठीच राखून ठेवलेलं. दृष्टी मात्र शाबूत होती.

मला त्या डोळ्याचं कधी काही वाटलं नाही. पण यज्ञात ऋत्विज म्हणून बसायचं तर माणूस अव्यंग लागतो, शरीरात खोट चालत नाही. ह्यांची विद्या अशी की पाठशाळेत तात्यांनंतर ह्यांचाच शब्द, आणि यज्ञ असला की हे दोरीच्या अलीकडे, बघ्यांमध्ये. एकदा तर मंडपातला एक ऋत्विज मध्येच अडखळला आणि त्याने मान वळवून थेट ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी बसल्या जागेवरून हळूच पुढचे शब्द सांगितले, यज्ञ पुढे सरकला. त्या दिवशी घरी येऊन हे जेवले नाहीत, भूक नाही म्हणाले. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. नेमका कुणाचा, ते कळेना.

आमच्या मोहल्ल्यातल्या दीक्षितांनी वसंतात सोमयाग करायचं ठरवलं तेव्हा ते स्वतः घरी आले. त्यांना हे 'ब्रह्मा' म्हणून हवे होते. ब्रह्मा म्हणजे जो दक्षिणेला गप्प बसून सगळ्या यज्ञावर नजर ठेवतो, कुठे चूक झाली तर ती धरतो. त्याला सगळ्यांचं सगळं यावं लागतं. दीक्षित म्हणाले, "तुमच्याशिवाय दुसरं नाव सुचत नाही. त्या डोळ्याचं तेवढं काही करता आलं तर बघा."

गोदौलियाजवळ एक बंगाली डॉक्टरबाबू होते. कलकत्त्याला शिकलेले, आणि विलायतेत राहून खास पापण्यांचं काम शिकून आलेले. मेमसाहेबांच्या डोळ्याखालच्या पिशव्या कापून त्यांना तरुण करून देतात, अशी त्यांची ख्याती. नुसत्या रूपासाठी बाया डोळ्याखाली सुरी घेतात हे ऐकून काकूंनी कानाला हात लावले. आणि आम्ही तिथे जाऊन आल्याचं गलीत कळलं मात्र, पानवाला ह्यांना विचारू लागला, "का हो पंडितजी, जवानी लौट रही है?"

डॉक्टरबाबूंनी पापणी पाहिली. म्हणाले, आक्रसलेला व्रण मोकळा करायचा आणि तिथे दुसरी कातडी बसवायची, सोपं काम आहे. कातडी कानामागची घेऊ, पापणीला तीच शोभते.

इथे तात्यांनी हरकत घेतली. आहे ते व्यंग दुरुस्त करायला शास्त्राची ना नाही. पण कानामागून कातडी काढायची म्हणजे धडधाकट शरीराला नवी जखम, नवं व्यंग. एक खोट बुजवायला दुसरी करायची, हे कसं चालेल? मला हसू आलं, पण तात्यांना झोप लागेना. कित्येक दिवस ते पोथ्या उलथत बसले. मग एका सकाळी स्नान करून वर आले आणि म्हणाले, "सुटलं. पत्नी म्हणजे पुरुषाचं अर्धं शरीर. कातडी सूनबाईची घ्या. ती त्याचीच असणार, आणि त्याच्या अंगावर नवा व्रणही नाही."

असला तोडगा काशीच्या शास्त्र्यांशिवाय कुणाला सुचणार नाही. डॉक्टरबाबू ऐकून आधी खो खो हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "पंडितजी, चमड़ा शास्त्र नहीं पढ़ता." एका माणसाची कातडी दुसऱ्याच्या अंगावर जगत नाही. थोडे दिवस धरल्यासारखी दिसते, मग काळी पडते आणि गळून जाते. नवराबायको असोत नाहीतर कुणी असोत.

हे स्वतःही नकोच म्हणत होते. "तुला कशाला सुरी? मला मागे बसायची सवय आहे." ते इतक्या साधेपणाने म्हणाले की मी तिथेच ठरवलं. तात्यांचं खरं आहे असं मला क्षणभरही वाटलं नाही. मला एवढंच कळत होतं की त्यांची परवानगी याच वाटेने मिळतेय, आणि दुसरी वाट नाही. डॉक्टरबाबूंना मी सांगितलं, "आप लगाइए. गिर जाए तो गिर जाए." ते नाइलाजाने तयार झाले. गळून पडली की मग ते ह्यांच्याच कानामागची घेणार आणि तेव्हा कुणी पंडित मध्ये बोलायचं नाही, अशी त्यांची अट. म्हणजे वसंत हातचा जाणार, हे आम्ही दोघं समजून होतो.

माझ्या डाव्या कानामागची जागा सुई टोचून बधिर केली. दुखलं नाही, कात्रीचा आवाज मात्र ऐकू येत होता, ते जास्त विचित्र वाटलं. ह्यांची पापणी मोकळी करून त्यावर तो तुकडा शिवला, आणि तो हलू नये म्हणून वरची-खालची पापणी टाके घालून मिटवून ठेवली. सगळा वेळ ह्यांचे ओठ पुटपुटत होते. डॉक्टरबाबूंनी दोनदा दटावलं की गाल हलवू नका, तेव्हा कुठे मनात म्हणायला लागले.

पट्टी सोडली तेव्हा तुकडा गुलाबी होता. डॉक्टरबाबू म्हणाले, सुरुवातीला असाच दिसतो. पुढे ज्या सुमाराला तो गळायला हवा होता त्या सुमाराला खरंच त्याच्या कडा काळवंडल्या. मला वाटलं, संपलं. त्या दिवसांत काळजीने माझ्या पोटात अन्न ठरत नव्हतं. आम्ही दोघं दवाखान्यात बसलो होतो. डॉक्टरबाबूंनी ह्यांची पापणी पाहिली, मग माझा चेहरा पाहिला, पुन्हा पापणी पाहिली. मला विचारलं, "आप खाना खाती हैं?" मी मानेनेच नाही म्हटलं. ते म्हणाले, "खाइए. डॉक्टर होकर कह रहा हूँ. क्यों कह रहा हूँ, मुझे नहीं मालूम."

मी खाल्लं. थंडीचे दिवस होते, काकू सकाळी सकाळी मलइयो, म्हणजे दुधाचा गोड फेस, मागवायच्या, दुपारी तूप-भात, संध्याकाळी दूध. जबरदस्तीने खाल्लं. काळ्या कडा मागे हटल्या. मध्ये एकादशी आली, काकूंच्या धाकाने उपास केला, तर दुसऱ्या दिवशी तुकडा फिका. डॉक्टरबाबू माझ्यावर चिडले, ह्यांच्यावर नाही. तिथून पुढे आमच्या घरात माझे उपास बंद झाले आणि तो तुकडा धरला. टाके निघाले, डोळा उघडला, मिटला... पुरता मिटला. पाणी थांबलं. ह्यांच्या सावळ्या गालावर माझ्या रंगाची एक बारीक पट्टी, एवढीच खूण राहिली.

इथवर मी अजून वडिलांची मुलगी होते. म्हटलं, योगायोग असेल. कदाचित विलायतेतल्या डॉक्टरांना अजून सगळं कळलेलं नसेल. मग एके दुपारी मी चुलीपाशी भाकऱ्या करत होते आणि कुणीतरी माझ्या डाव्या कानामागे बोट टेकवलं. मागे वळले, कुणी नाही. पुन्हा बोट, अगदी सावकाश, जपून फिरवलेलं. रात्रीच्या जेवणानंतर ह्यांना सहज विचारलं, "दुपारी काय करत होतात?" म्हणाले, "काही नाही. पाठ घेत होतो. मध्ये जरा पापणी चाचपून पाहिली."

मी कुणाला बोलले नाही. आधी खात्री करून घेतली. हे घाटावर जायचे, आणि रात्री मी सांगायचे की पाण्याचा सपकारा आज किती गार होता, आणि पुसताना जरा जोरात घासलंत. हे नुसते पाहत राहायचे. शेवटी डॉक्टरबाबूंकडे गेलो. त्यांनी मला पाठमोरं बसवलं, डोळे बांधले, आणि ह्यांच्या पापणीला कधी बोट, कधी कापूस, कधी बर्फाचा खडा लावत मला विचारत गेले. मी सांगत गेले. पट्टी सोडली तेव्हा ते खुर्चीत बसले होते आणि कपाळाला घाम होता. आम्हाला म्हणाले, हे कुणाला सांगू नका, मला लोक वेड्यात काढतील.

ह्यांनी तात्यांना मात्र सांगितलं. गुरूपासून काही लपवणं ह्यांना येतच नाही. तात्यांना केवढा आनंद. "पाहिलंत? अर्धं शरीर म्हणतात ते उगीच नव्हे."

आता जरा मनातलं लिहिते. आमच्यासारख्या घरात दिवसाउजेडी नवराबायकोने एकमेकांशी बोलायची रीत नाही. मी वर, ते खाली, मध्ये सगळी पाठशाळा. काही हवं असेल तर काकूंकरवी. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी दिवसा ह्यांचा आवाज मी ऐकायचे तो वेद म्हणतानाच. आणि आता हे खालून पापणीला बोट लावायचे आणि वर मला कळायचं. घाटावरून निघाले की एकदा लावायचे, मग मी भात टाकायचे. पुढे पुढे काही कारण नसतानाही लावायला लागले. दुपारी, पाठ चालू असताना, मध्येच. मी ओट्यापाशी उभी असायचे आणि एकटीच हसायचे. काकू म्हणायच्या, "काय गं, भाताला हसतेस?" इतकं सुख मला त्याआधी ठाऊक नव्हतं, हे लिहायला आता कसली लाज.

वसंत आला. शहराबाहेरच्या बागेत मंडप पडला. दीक्षितांकडून रीतसर आमंत्रण आलं, तात्यांसकट चार शास्त्र्यांनी ह्यांचा डोळा पाहून मान डोलावली. आणि यज्ञ सुरू व्हायच्या सकाळीच मला कावळा शिवला. मी बाजूच्या खोलीत जाऊन बसले. आता चार दिवस मंडपाकडे फिरकता येणार नाही, हे बसलेले असतील ते मला दिसणार नाही, म्हणून मी रडत होते. याहून काही वाईट होईल असं डोक्यातही नव्हतं. एरवी ऋत्विजाच्या बायकोला विटाळ आहे की नाही, हे कोण विचारतं?

तात्या दारापर्यंत आले, उंबऱ्याच्या पलीकडे थांबले. मागे हे, स्नान करून, नवं धोतर नेसून. तात्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, "सूनबाई, पेच पडलाय. हात लावला की तुला कळतं. म्हणजे ती कातडी अजून तुझ्याच देहाचा भाग. तुला विटाळ, तर तिलाही विटाळ. आणि ती ह्याच्या तोंडावर."

मी म्हटलं, "तात्या, तेव्हा मी ह्यांचं अर्धं अंग होते म्हणून ती ह्यांची झाली. आणि आता परत माझी?"

"दोन्ही खरं आहे गं. म्हणून तर पेच." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कपटाने बोलत नव्हते, मला ते तेव्हाही कळत होतं.

हे म्हणाले, "राहू द्या तात्या. मी दीक्षितांना निरोप पाठवतो. दुसरं कुणी बसेल." आणि खांद्यावरचं उपरणं काढून घडी घालायला लागले. शांतपणे, कडेला कड जुळवून.

ती घडी पाहून माझं डोकं फिरलं. मी विचारलं, "तात्या, यजमान अग्नीत आहुती टाकतो तेव्हा काय म्हणतो?"

"त्यागाचं वाक्य म्हणतो. इदं न मम. हे माझं नाही. ते म्हटल्याशिवाय दिलेलं पोचत नाही."

"मग ऐका. ती कातडी मी ह्यांना दिली. न मम. आता ती माझी नाही. झालं?"

मंत्र म्हणायचा मला अधिकार नाही, आणि त्या अवस्थेत तर मुळीच नाही. मी ते रागाने, तात्यांचंच शास्त्र तात्यांच्या पदरात टाकावं म्हणून म्हटलं होतं. काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. तात्यांनी डोळे मिटून ते शब्द ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून पाहिले. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "त्याग झाला. दिलेली वस्तू देणाऱ्याच्या विटाळाने विटाळत नाही. चल, उशीर होतोय."

हे जाताना थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखं पापणीला बोट लावलं. माझ्या कानामागे काहीच कळलं नाही. रागात होते, लक्ष नसेल असं वाटलं. ते गेल्यावर मी कानामागे हात ठेवून बसून राहिले. गलीच्या वळणावरून लावतील, मंडपात बसताना लावतील... दुपार झाली. मग मी हात काढला.

यज्ञाचं मला काकूंनी सांगितलं, रोज संध्याकाळी दारात उभं राहून. हे दक्षिणेला बसले होते, मंडपात एवढा धूर, सगळ्यांचे डोळे गळत होते आणि ह्यांचे कोरडे. एकदा आहुतीत चूक झाली तेव्हा ह्यांनी नुसता हात वर केला आणि सगळा मंडप थांबला. सांगताना काकू रडल्या. मीही रडले, आणि ते निव्वळ आनंदाने होतं.

सगळं पार पडल्यावर हे घरी आले. मी न्हाऊन स्वयंपाकघरात आले होते. काकू मुद्दाम गच्चीवर गेल्या. हे पाटावर बसले आणि म्हणाले, "रोज लावत होतो हात. कळत होतं ना?"

मी "नाही" म्हटलं.

आणखी थोडं वरण वाढू का विचारलं, तर हो म्हणाले.

डॉक्टरबाबूंनी पुन्हा डोळे बांधून पाहिलं. कापूस, बर्फ, मला काहीच सांगता आलं नाही. पुढे पावसाळ्यात मला मलेरिया झाला, हाडं वर आली, पण ती पट्टी जशीच्या तशी. आजही तशीच आहे. डॉक्टरबाबू म्हणाले, धरायला नको होती ती धरली कशी हे मला सांगता येत नाही, आणि आता तुमच्यापासून सुटली कशी हेही नाही. तात्यांना विचारलं तर ते म्हणतात, यात न कळण्यासारखं काय आहे. वडिलांना मी हे कधी कळवलं नाही. "तू स्वतः पाहिलंस, की ऐकलंस?" याला माझ्याकडे उत्तर आहे, पण "मग ते काय होतं?" याला नाही.

आता हे प्रत्येक यज्ञात पुढे बसतात. लोक लांबून त्यांना न्यायला येतात, आणि मला त्याचा अभिमान आहे. परवा मी विचारलं, "अजून लावता का हो हात?" म्हणाले, "लावतो की." केव्हा ते मी विचारलं नाही.

त्या सकाळी असं होणार हे ठाऊक असतं, तर मी ते शब्द म्हटले असते का? याचा मी पुष्कळ विचार केला. म्हटलेच असते. ती उपरण्याची घडी मला पाहवत नव्हती. फक्त जरा थांबून म्हटले असते. आधी ह्यांना सांगितलं असतं, एकदा हात लावा.